डाव्या बाहीचं अपडेट

नळाला पाणी येण्याआधीच भरलेली टाकी रिकामी करणारा माणूस अख्ख्या लातुरात एकच निघाला, आणि तो मी.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे नळ रोज येत नाही. तो जावयासारखा येतो. कधी येईल सांगत नाही आणि आला की सगळ्या घराला कामाला लावतो. टाकी, ड्रम, घागरी, बादल्या, कुकर, झालंच तर कुकरचा डबा, सगळं भरून घ्यायचं. (सोनटक्के काकांनी एकदा नातवाची प्लास्टिकची होडी भरून ठेवली होती. होडीत पाणी! उलटं असतं ना ते?) 'आलंय तर भरून घ्या' हा आमचा कुळाचार. आणि ताजं भरायचं तर आधी शिळं ओतायचं, हा त्याचा पोटनियम.

त्या रविवारी सकाळी काकांनी भिंतीवरून आरोळी ठोकली, "नळ आले ऽऽ!"

मी तसाच बनियनवर धावलो. टाकीचं बूच काढलं, ड्रम आडवा केला. अंगणातून पाणी रस्त्यावर आणि रस्त्यावरून थेट गटारात गेलं. मग मोठ्या ऐटीत नळाची तोटी फिरवली. नळानं दोनदा खाकरलं, एकदा 'फुस्स' केलं आणि मौन धरलं.

"काका, कुठं आलेत नळ?"

"मागच्या गल्लीत! आपल्याकडं उद्या येतेत म्हणं."

आता सांगा, मागच्या गल्लीची बातमी आमच्या भिंतीवरून द्यायची माणसाला गरज काय? पण हे काकांना विचारायच्या आत आमची सौ., उज्ज्वला, दारात येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर परवडलं असतं.

"अहो, नवं पाणी हंड्यात पडल्याबिगर जुनं ओतू न्हाई. लातूरच्या लेकराला बी कळतंय एवढं."

मला वाटलं, ती पाण्याबद्दल बोलतेय.

आता त्या रविवारचा उत्तरार्ध सांगायचा तर आमच्या लॅपटॉपची ओळख करून द्यायला हवी. त्याची बॅटरी केव्हाच वारली आहे. तो भिंतीतल्या प्लगवर जगतो, सलाइनवरच्या पेशंटसारखा. वायर निघाली की प्राण गेला. मध्यंतरी तो इतका मंद झाला होता, की सुरू करून मी दाढी करून येत असे. तेव्हा चाकूरच्या आमच्या ऑफिसातले कांबळे मदतीला आले आणि त्यांनी त्यात लिनक्स टाकून दिलं. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी, फुकट मिळणारी सिस्टीम. तिच्या आवृत्त्या निघत असतात. काही 'स्टेबल', म्हणजे पारखून निवडून काढलेल्या, वर्षानुवर्षं मुकाट्यानं चालणाऱ्या. काही एकदम ताज्या, तव्यावरून थेट ताटात. चटका बसला तर आपला आपण सोसायचा.

कांबळ्यांनी स्टेबल टाकलं आणि बजावलं, "जाधव, बारीकसारीक अपडेट येतील ते घेत जा. कडी-कोयंडा नीट करण्यातले असतेत ते. पण 'अख्खी नवी आवृत्ती आली' असं म्हणायला लागलं, तर हात लावायच्या आधी मला विचारा. आणि हे एक फोल्डर करून ठेवलंय. काही बिघडलं तर ह्याच्यातून पहिल्यासारखं करता येतंय. ह्याला हात लावू नका."

फोल्डरला त्यांनी नावसुद्धा 'जुनं – काढू नका' असंच दिलं होतं. मी म्हणालो, "हाव."

तेव्हापासून तो लॅपटॉप उज्ज्वलाच्या ताब्यात गेला. तिचं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं मशीन आहे. ती लॅपटॉपवर नक्षी काढते, पेनड्राइव्हवर घेते, मशीनला लावते, आणि मशीन टकटक-टकटक करत ब्लाउजवर फुलं उमटवतं. कॉलनीतल्या निम्म्या पाठींवर आणि यच्चयावत बाह्यांवर तिचं काम आहे. लॅपटॉपकडे माझं काम एकच उरलं होतं, अधूनमधून जवळून जाताना त्याच्याकडे कर्त्या पुरुषासारखं बघणं.

आणि अशात तिच्या भावाच्या मुलीचं, पिंकीचं, लग्न ठरलं.

भाऊ नांदेडला. गजानन त्याचं नाव, घरात गजा. त्याचं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं सेंटर आहे, त्यामुळं कॉम्प्युटर ह्या विषयावर नांदेड जिल्ह्यात आपणच शेवटचा शब्द, असं त्याचं मत. मुलगा किनवटचा. नवरीचा ब्लाउज आत्यानं करायचा, असं पिंकीनं हट्टानं सांगितलं. आणि सासर किनवटचं, जंगलातलं, म्हणून बाह्यांवर पळसाची फुलं हवीत, असंही. उज्ज्वलानं दिवसेंदिवस बसून ती नक्षी काढली. केशरी रंगाच्या इतक्या छटा असतात हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन तेव्हा कळलं. उजवी बाही झाली. शेजारणी येऊन बघून गेल्या. डावी राहिली होती, कारण मधेच केशरी रेशीम संपलं. लग्न पुढच्याच आठवड्यात.

म्हणजे लक्षात घ्या, एक बाही फुललेली, एक बाही बोडकी, आणि मधे मी.

साखरपुड्यात गजानं मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "दाजी, लिनक्सची कोणती आवृत्ती चालवून राहिलात सध्या?"

मी सांगितली. गजानं कपाळाला हात लावला.

"अरारारा! अजून तीच? दाजी, ती तर आमच्याकडं म्युझियमला बी घ्यायनात! मी कवाचाच एकदम नव्यावर गेलो. काय पळतंय म्हणून सांगू!" मग किनवटच्या पाहुण्यांकडे वळून, "आमचे दाजी अजून जुनंच चालवतेत."

पाहुण्यांनी हळहळून माना हलवल्या. (त्यांना तो स्कूटरचा विषय वाटला असावा. एकानं ॲव्हरेज विचारलं.) मी ह्या घरचा जावई! माझ्या पुढ्यात पेढ्यांचं ताट, आणि तोंडावर 'जुनं'! जे मोडत नाही, रुसत नाही, बोलावलं की येतं, त्याला लोक 'जुनं' म्हणून हिणवतात, हा कुठला न्याय? हा न्याय असेल तर मग मी स्वतः काय आहे? असं सगळं मी मनात बोललो. तोंडानं म्हणालो, "बघू, घेऊ आता नवीन."

तर तो रविवार. सकाळी पाण्यात अब्रू गेलेली. दुपारी उज्ज्वला केशरी रेशीम आणायला गंजगोलाईच्या बाजारात गेली. मी लॅपटॉपजवळून कर्त्या पुरुषासारखा जात होतो, तेवढ्यात पडद्यावर चौकोन उगवला. नवी आवृत्ती आली आहे, घेता का?

आलंय! तर भरून घ्या!

रक्तातच आहे ते, माझा काय दोष? तरी मी आंधळेपणानं काही केलं नाही. इंटरनेटवर जाऊन रीतसर अभ्यास केला. तिथं एकजण म्हणतो, घरात कामाचं मशीन असेल तर पुढची स्टेबलच घ्या. दुसरा म्हणतो, स्टेबल म्हाताऱ्यांसाठी असतं. तिसरा त्या दुसऱ्याची अक्कल काढतो. आणि कुणी बिचारा "माझं बंद पडलं हो, मदत करा" म्हणून रडत आला, की तिघंही एक होऊन त्यालाच झोडपतात, "आधी माहितीपुस्तक का नाही वाचलंस?" अरे, माहितीपुस्तक त्याच कॉम्प्युटरात आहे ना! घर जळताना माणसाला विहीर खणायचं पुस्तक वाचायला सांगता?

कांबळ्यांना विचारायचं होतं. पण ते 'स्टेबल' म्हणणार हे मला माहीत होतं, आणि जे उत्तर आपल्याला नको असतं ते विचारायचं कशाला? मी स्टेबल सोडून एकदम ताजी निवडली. गजाला फोटो पाठवायचा होता.

लॅपटॉप म्हणाला, जागा पुरत नाही.

मी जागा शोधू लागलो. उज्ज्वलाच्या नक्षींना हात लावला नाही, एवढी बुद्धी शाबूत होती. पण कोपऱ्यात एक भलंमोठं फोल्डर जागा अडवून बसलं होतं. नाव वाचलं, 'जुनं – काढू नका'. पहिला शब्द वाचला तोच मला पुरला. जुनं! ओतून टाकलं.

जागा झाली. काम सुरू झालं. पडद्यावरून अक्षरं धबधब्यासारखी वाहू लागली. मधेच तो विचारी, अमुक गोष्ट जुनीच ठेवू का नवी घेऊ? मी दर वेळी नवी. पुन्हा विचारी, नक्की? मी म्हणे, अरे नक्की म्हणजे नक्की! शेवटी त्यानं ठळक अक्षरांत सूचना दिली, काम अर्ध्यात आहे, कृपया मशीन बंद करू नका. मी म्हटलं, मी कशाला बंद करतोय? मी चहा ठेवायला उठलो.

"लाईट गेली ऽऽ!" भिंतीवरून सोनटक्के काका.

ह्या वेळी मात्र बातमी आमच्याच गल्लीची होती.

लाईट आली तेव्हा मी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. काळा पडदा. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ. ती लुकलुकायची, थांबायची, पुन्हा लुकलुकायची. नवं पुरतं आलेलं नाही, जुनं मीच ओतलेलं, आणि मध्ये ही रेघ माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती! आणि तिच्यामागं, त्या अंधारात कुठंतरी, पिंकीची डावी बाही.

उज्ज्वला पिशवी घेऊन आली. मी लॅपटॉप आधीच उशीच्या अभ्र्यात घातला होता.

"हे काय करून राहिलात?"

"काही नाही. म्हटलं लग्नाच्या आधी जरा सर्व्हिसिंग करून आणावं. उद्या नांदेडला नेतो. गजाकडे."

"गजाकडं?" तिनं रेशमाची रिळं टेबलावर ठेवली. "तुम्ही? स्वतःहून? मागच्या दिवाळीला त्याच्या घरी पाणी प्यायला बी तयार नव्हतात तुम्ही."

"तब्येतीचं कारण होतं ते."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग अभ्र्याकडे बघितलं. मग म्हणाली, "न्या. पण माझा पेनड्राइव्ह नेऊ नका. तेवढा इथं ठेवा."

माणसाच्या डोक्यावर आभाळ कोसळलंय आणि हिला नखाएवढ्या पेनड्राइव्हची पडलीय! मी तो लॅपटॉपमधून उपसून जरा रागातच तिच्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला 'ताप आहे' असं कळवून मी नांदेडची एसटी धरली. नांदेडची एसटी चाकूरवरून जाते. हे मला गेली कित्येक वर्षं माहीत आहे, मी रोज त्याच रस्त्यानं ऑफिसला जातो. पण अपराधी माणसाच्या लक्षात भूगोल राहत नाही. चाकूरच्या स्टँडवर गाडी थांबली आणि खिडकीखाली चहाचा ग्लास घेऊन कांबळे उभे.

"जाधव! ताप हाय म्हणून कळवलं ना तुम्ही?"

"हो ना. नांदेडला डॉक्टरकडं चाललोय."

"लातूरचे डॉक्टर काय संपावर गेलेत? आणि ते मांडीवर काय?"

"डबा. चपात्या."

कांबळ्यांनी चहाचा घोट घेतला. अभ्र्यातून बाहेर लोंबणाऱ्या वायरकडे सावकाश बघितलं.

"चपात्यांना चार्जर लागायला लागला व्हय आता?"

गाडी सुटेना. कंडक्टर कुणाशी तरी भांडत होता. (एरवी हीच माणसं आपला एक पाय खाली असतानाच घंटी देतात!) मी मान खाली घातली.

"नवी आवृत्ती घेतली?"

"हो."

"एकदम ताजी?"

"हो."

"लाईट गेली?"

"हो."

"आणि ते फोल्डर?"

मी खिडकीतून लांब बघितलं. कांबळे 'मी सांगितलं होतं' म्हणाले नाहीत. रिकामा ग्लास टपरीवाल्याला देऊन फक्त म्हणाले, "तब्येतीला जपा." ह्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मी टिच्चून उत्तर तरी दिलं असतं.

नांदेडला गजाच्या सेंटरवर ही गर्दी. मला बघून तो उठला, अभ्रा बघून हसला आणि सगळं ऐकून खुर्चीतच उलटा व्हायचा राहिला.

"दाजी, असं सरळ नव्यावर उडी मारतेत का? ते बी कॉपी न घेता? ते बी बॅटरी नसलेल्या लॅपटॉपवर?"

"तूच म्हणालास ना! म्युझियम म्हणालास! कवाचाच नव्यावर गेलो म्हणालास!" माझा आवाज इतका चढला, की अर्ज भरायला आलेल्या बायका आत सरकल्या. आणि तेवढ्यात माझी नजर त्याच्या समोरच्या पडद्यावर गेली. मग शेजारच्या. मग त्याच्या शेजारच्या. सगळीकडे तेच निळं चित्र, तीच चिन्हं, जी काल दुपारपर्यंत माझ्या लॅपटॉपवर होती.

"गजाननराव," मी म्हणालो. (मी त्याला 'राव' लावला की तो घाबरतो.) "ही तर माझीच आवृत्ती आहे. जुनी."

गजानं कान खाजवला. "त्याचं काय हाय दाजी... दुकानात स्टेबलच लागतंय. नवं मी टाकलं होतं एकदा. ऐन अर्जांच्या शेवटच्या दिवशी प्रिंटर वळखंना. लोकं दारात येऊन बसली. मग आलो गप माघारी."

"मग साखरपुड्यात काय बोललास ते?"

"साखरपुड्यात काय कुणी खरं बोलतंय का?"

काय पळतंय म्हणे! एका खोटारड्या मेव्हण्याला दाखवण्यासाठी मी माझं चालतंबोलतं मशीन मारलं होतं, आणि तो मेव्हणा स्वतः माझ्याच पंगतीत बसून जेवत होता! मी त्याला इतकं सुनावलं, की शेवटी त्यानं मला स्वतःच्या खुर्चीत बसवून उसाचा रस पाजला.

रस पाजता पाजता त्यानं एक पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. त्याच्यावर अख्खं लिनक्स होतं. लॅपटॉपातल्या मोडक्याला न शिवता ते बाहेरूनच चाललं. पडदा उजळला. गजानं आत जाऊन एक फोल्डर उघडलं आणि पळस फुलला! सगळी नक्षी जागच्या जागी. सिस्टीम मोडली होती, कामाच्या फायलींना धक्का लागला नव्हता. मी खुर्चीत अक्षरशः वितळलो.

"आता बघा दाजी," गजा मास्तरासारखा बोलू लागला. "आधी ह्या सगळ्याची कॉपी दुसरीकडं. मग नवी आवृत्ती अशी पेनड्राइव्हवरनंच चालवून बघायची. वायफाय चालतंय का, आवाज येतोय का, ताईचं सॉफ्टवेअर उघडतंय का. सगळं पटलं तरच आत टाकायची. ती बी पुढची स्टेबल. आणि हातात दिवस मोकळा असताना, लाईटीची सोय बघून."

"म्हणजे," मी रसाचा ग्लास खाली ठेवत म्हणालो, "नवं पाणी हंड्यात पडल्याबिगर जुनं ओतायचं नाही."

गजानं टेबलावर थाप मारली. "एकदम बरोबर! कुठं वाचलं हे?"

"घरीच."

त्यानं माझ्यासमोर हे सगळं तसंच केलं. पुढची स्टेबल टाकली. त्यात दिवस गेला, पण मी विजयी वीरासारखा लातूरला उतरलो. रिक्षात मी वाक्यंसुद्धा जुळवली होती. 'उज्ज्वला, घाबरू नकोस. मोठं संकट आलं होतं, पण तुझी डावी बाही मी वाचवली.'

दार उघडलं तर मशीन टकटक-टकटक चालू. उज्ज्वला कात्रीनं शेवटचे दोरे कापत होती. टेबलावर ब्लाउज. दोन्ही बाह्या केशरी.

मी अभ्रा कवटाळून उंबऱ्यातच उभा राहिलो.

"ही... ही कशी झाली? फाईल तर लॅपटॉपात होती!"

"पेनड्राइव्हवर बी होती की. उजवी बाही काय तोंडानं फुंकून काढली का मी? उजवीची डावी करायला मशीनवरच बटन हाय."

"मग काल सांगितलं का नाहीस?" माझा संताप आता बाहेर पडायला जागा शोधत होता. "मी चाकूरला कांबळ्यांच्या तावडीत सापडलो! तुझ्या भावाचं व्याख्यान ऐकलं! एका बाहीसाठी माणूस जिवाचं रान करतोय आणि तू..."

"तुम्ही सर्व्हिसिंगला चाललो म्हणलात," उज्ज्वला म्हणाली. "मोडलंय म्हणला असता तर सांगितलं असतं."

त्याच वेळी भिंतीवरून काका ओरडले, "नळ आले ऽऽ!" मी जागचा हललो नाही. तिनं आधी जाऊन तोटी उघडली, धार बघितली, आणि मग मला हाक मारली.

लग्न नांदेडला थाटात झालं. पिंकी मांडवात आली तेव्हा बायकांच्या बाजूला एकच गलका उठला. किनवटची मंडळी बाह्यांवरून नजर हलवायला तयार नव्हती. आमच्याकडचा पळस हुबेहूब कसा काढला म्हणून वरमाई दोनदा हात लावून गेल्या. गजा माझ्या खांद्यावर हात टाकून त्यांना मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "ह्याच्यात आमच्या दाजींची बी लई मदत झाली बरं का!"

मी नम्रपणे हसायची तयारी केली. इतक्या हालअपेष्टांनंतर एवढं तर माझ्या वाट्याला यायलाच हवं होतं.

"झाली तर!" उज्ज्वला म्हणाली. "हे अख्खा दिवस नांदेडला जाऊन बसले, म्हणून तर घरी डावी बाही झाली."